स्वतःचं पुस्तक स्वतः काढणारे लेखक आणि वाचकांचे रिव्ह्यू: सारखे विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही काही जण आपापली पुस्तकं आपणच काढतो, म्हणजे मागे प्रकाशक नाही, पैसे आपले, गठ्ठे आपल्याच घरात दिवाणाखाली. स्टॉलवर उभं असताना, व्हॉट्सअ‍ॅपवर, कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना लोक रिव्ह्यूबद्दल तेच तेच विचारतात म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. सुरुवातीचे प्रश्न वाचकांचे आहेत, मग मधेमधे लेखक मंडळीही घुसलीयेत. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

स्वतंत्र लेखक म्हणजे ज्याला प्रकाशक मिळाला नाही तो, असंच ना?

काहींच्या बाबतीत हो, लपवायचं काय त्यात. पण सगळ्यांच्या नाही. काहींची आधीची पुस्तकं चांगल्या नावाजलेल्या प्रकाशकांकडून आलेली असतात आणि मग हिशोब वेळेवर येत नाही, दुसरी आवृत्ती निघता निघत नाही, म्हणून वैतागून ते स्वतः काढायला लागतात. काहींचा विषय इतका बारीक असतो (एका पेठेतल्या जुन्या हौदांचा इतिहास, समजा) की कुठलाच प्रकाशक हजार प्रतींचा धोका घेणार नाही, आणि न घेण्यात त्याचं काही चूकही नाही. हल्ली डिजिटल प्रिंटवर शंभर-दोनशे प्रती काढता येतात, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून फुकट मिळतो, किंडलवर (अ‍ॅमेझॉनचं ई-बुकांचं अ‍ॅप) मराठी ई-बुकं २०१६ च्या डिसेंबरपासून आहेत, त्यामुळे पुस्तक काढणं हे आता अवघड राहिलेलं नाही. अवघड पुढचंच आहे, ते म्हणजे ओळखीपाळखीच्या बाहेरच्या माणसाने ते हातात घेणं.

माझ्या एका रिव्ह्यूने असा काय फरक पडणारे?

मोठ्या प्रकाशकाच्या पुस्तकाला फारसा नाही पडत. आमच्या पडतो, आणि का पडतो ते जरा नीट सांगतो कारण खालचं बाकी सगळं त्यावरच आहे.

अप्पा बळवंत चौकात तुम्ही पुस्तक घ्यायला जाता तेव्हा त्या पुस्तकाची बाजू मांडणारं बरंच काही तिथे आधीच हजर असतं. प्रकाशकाचं नाव असतं आणि त्या नावामागे चाळीस-पन्नास वर्षं असतात. काउंटरवरचे काका असतात, त्यांना 'प्रवासात वाचायला काहीतरी द्या' म्हटलं की ते मागे न बघता हात घालून पुस्तक काढतात. कोणातरी मोठ्या माणसाची प्रस्तावना असते. आमच्या पुस्तकाला यातलं काहीच नाही. दुकानदार कधीकधी ठेवून घेतो, चाळीस टक्क्यांच्या आसपास कमिशनवर, विकलं तर पैसे या बोलीवर, पण शिफारस तो करणार नाही, कारण त्याने ते वाचलेलं नसतं, आणि रोज येणाऱ्या ढिगातलं तो वाचणार तरी काय काय. म्हणजे अनोळखी वाचकाला हे पुस्तक कशाबद्दल आहे, बरं आहे का, आपल्यासारख्याला झेपेल का, हे सांगणारं कोणी नाहीच. लेखक सांगतो, पण तो सांगणारच.

डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून, तिथे हे अगदी डोळ्यासमोर घडतं. माणूस पुस्तक उचलतो, मागचं कव्हर वाचतो, मधलंच एखादं पान उघडून उभ्या उभ्या अर्धं वाचतो, किंमत बघतो, आणि मग पुस्तक डाव्या हातात तसंच धरून उजव्या अंगठ्याने फोनवर नाव टाकतो. तेवढा वेळ आपण दुसरीकडे बघायचं असतं. एकही रिव्ह्यू दिसला नाही की पुस्तक परत ढिगावर, तेही अगदी कोपरे जुळवून, शेवटी पुणेकर. चार दिसले आणि त्यातल्या एकात काहीतरी ठोस लिहिलेलं असलं की पाकीट निघतं. नेहमी नाही, पण निघतं. ज्या पुस्तकाला पाच हजार रिव्ह्यू आहेत त्याला अजून एक आला तर कोणाला पत्ताही लागत नाही. चाराचे पाच झाले की लागतो.

मला साहित्यातलं काही कळत नाही हो, मी काय लिहिणार?

हा प्रश्न पुण्यात जरा जास्तच येतो, कारण आपल्याकडे परीक्षण म्हटलं की डोळ्यासमोर येतं टिळक रोडवरचं साहित्य परिषदेचं सभागृह, समोर पाण्याचे तांबे, आणि 'प्रस्तुत लेखकाच्या जाणिवेचा पैस' वगैरे. ते वेगळं काम आहे, अभ्यासकांचं, आणि ते व्हायलाच हवं. वाचकाचा रिव्ह्यू म्हणजे शेजारच्या काकूंना आपण सांगतो ना, की त्या डॉक्टरांकडे जा, हात चांगला आहे, पण सकाळी जा, संध्याकाळी दोन तास बसवतात, तेवढंच. त्यासाठी मेडिकलचं शिक्षण कोणी विचारत नाही.

बरं, मग नक्की काय लिहायचं?

उदाहरणच देतो. समजा कोणीतरी पानशेतच्या पुरावर, १२ जुलै १९६१ च्या त्या दिवसावर, कादंबरी काढलीये. एक रिव्ह्यू असा येतो:

'अप्रतिम!! शब्द अपुरे पडतात. लेखकाला पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.'

आणि दुसरा असा:

'पहिली चाळीस पानं संथ आहेत, पात्रांची नावं लक्षात ठेवताना दमायला होतं. धरण फुटल्याची बातमी येते तिथून मात्र सोडवत नाही. नारायण पेठेतल्या वाड्यात पाणी चढतं ते प्रकरण वाचताना सासूबाई सांगायच्या ते आठवलं, किती पायऱ्या बुडाल्या ते मोजत जिन्यात बसल्या होत्या म्हणे. संवाद थोडे आजच्या मुलांसारखे वाटतात. ज्यांनी घरात पुराच्या गोष्टी ऐकल्यात त्यांनी जरूर वाचावी, थ्रिलर म्हणून घेऊ नये.'

पहिला वाचून लेखकाला बरं वाटेल, साधारण संध्याकाळपर्यंत. पण विकत घेणाऱ्याला त्यातून काय कळलं? शून्य. ते कुठल्याही पुस्तकाखाली चिकटवता येईल, आणि पुढील वाटचाल वगैरे तर सेंडऑफच्या भाषणातलं आहे. दुसऱ्यात दोन तक्रारी आहेत तरी पुस्तक तोच विकेल, कारण कोणी घ्यावं आणि कोणी घेऊ नये हे दोन्ही त्यात आहे. हे 'घेऊ नये' वालं वाक्य लेखकांना आधी झोंबतं पण ते फार कामाचं असतं. थ्रिलर समजून घेतलेला माणूस तिसाव्या पानावर चिडतो आणि एक स्टार ठोकून मोकळा होतो, त्याला दारातच थांबवणारा वाचक म्हणजे लेखकाचा मोठाच उपकारकर्ता.

तेव्हा विषय काय, कुठे अडकलात, कुठे सोडवेना, आणि हे पुस्तक तुम्ही कोणाला द्याल, यातलं काहीही एक-दोन लिहा. शेवट फोडू नका, बास.

किती मोठा असावा?

तीन-चार ओळी भरपूर झाल्या. पानभर लिहिलंत तर आनंदच आहे, पण पानभर लिहू म्हणून ठेवलेला रिव्ह्यू कधीच लिहिला जात नाही असा अनुभव आहे.

पुस्तक आवडलं नाही आणि लेखक ओळखीचा आहे. भीड पडते. काय करू?

दोन रस्ते आहेत. एक, लेखकाला फोन करून सांगा आणि बाहेर काही लिहू नका. हे अगदी रास्त आहे, यात लबाडी काही नाही. दोन, लिहा, पण काय आवडलं नाही ते नेमकं लिहा. 'कंटाळवाणं' म्हणण्यापेक्षा 'कोर्टाची तीन प्रकरणं लांबलीत' म्हटलं की ज्याला कोर्ट आवडतं तो उलट त्याच्यासाठीच पुस्तक घेईल, हे खरंच होतं.

तिसरा रस्ता म्हणजे भिडेखातर पाच स्टार आणि 'प्रत्येकाच्या संग्रही असावं असं पुस्तक'. तो मात्र घेऊ नका. एखाद्या नवीन पुस्तकाला बाराच्या बारा रिव्ह्यू पाच स्टारचे आणि सगळे एकाच आठवड्यात आलेले असले की वाचक काय समजायचं ते समजतो, सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कामाला लावलाय. त्यात मग खरा मनापासून लिहिलेला एखादा असतो तोही वाया जातो.

पुस्तक अर्धवट सोडलं असेल तर 'अर्धं वाचून सोडलं' असं लिहून मग लिहा. तेवढा प्रामाणिकपणा पुरतो.

स्टार किती द्यायचे? तीन दिले तर लेखकाला राग येईल?

येऊ दे. आपल्याकडे तीन म्हणजे काठावर पास असं डोक्यात बसलंय, शाळेतल्या मार्कांमुळे असेल. गुडरीड्सवर (वाचलेल्या पुस्तकांवर मत लिहायची वेबसाईट) मात्र प्रत्येक स्टारचा अर्थ ठरलेला आहे, तिथे दोन म्हणजे 'ठीक होतं' आणि तीन म्हणजे 'आवडलं'. म्हणजे तिथले तीन हे चांगले मार्क आहेत. अ‍ॅमेझॉनवर लोक जरा सढळ हाताने देतात, तिथे तीन दिसले की नापसंती समजतात. तेव्हा जागा बघून द्या.

आणि अ‍ॅमेझॉनवर वर जो आकडा दिसतो, ४.२ वगैरे, ती साधी सरासरी नसते. रिव्ह्यू किती ताजा आहे, पुस्तक तिथूनच विकत घेतलंय का, असल्या गोष्टी धरून त्यांची सिस्टिम तो काढते. म्हणून चारचा आणि पाचचा मिळून साडेचार झाला पाहिजे होता असा हिशोब करणाऱ्या लेखकांनी (आहेत असे, बरेच आहेत) तो नाद सोडावा. स्टार नुसते द्यायची सोयही आहे, काही न लिहिता. काहीच नसण्यापेक्षा बरं, पण दोन शब्द लिहिलेत तर त्याला चेहरा येतो.

मी लेखकाची सख्खी मावशी आहे. लिहू ना?

मावशी, नका लिहू. अ‍ॅमेझॉनच्या नियमात घरचे आणि जवळचे मित्र यांनी रिव्ह्यू लिहायचा नाही असं स्पष्ट आहे, आणि असा रिव्ह्यू काढून टाकला जाऊ शकतो. नातं कसं ओळखतात ते ते सांगत नाहीत. नियम सोडा, आडनाव तेच, भाषा कौतुकाची, वाचणाऱ्यालाही कळतंच की. त्यापेक्षा एक प्रत तुमच्या भिशीत फिरवा. तिथली एखादी बाई वाचून स्वतःहून काही म्हणाली तर तिला म्हणा, हे असंच्या असं लिहून टाक. तिचं नाव लेखकाला माहीतही नसेल, आणि तेच हवंय.

लेखकाने मला प्रत भेट दिलीये. आता चांगलंच लिहावं लागेल का?

नाही. पुस्तकांच्या बाबतीत भेट प्रत देणं-घेणं अ‍ॅमेझॉनलाही चालतं, अट एकच, की प्रत दिली म्हणून रिव्ह्यू लिहिलाच पाहिजे किंवा चांगलाच लिहिला पाहिजे अशी सक्ती नको. आपल्याकडे नियतकालिकांना 'अभिप्रायार्थ' म्हणून दोन प्रती पाठवायची पद्धत तर कधीपासूनची आहे, त्यात कोणी कोणाला विकत घेतलं असं समजत नाहीत. फक्त रिव्ह्यूत 'लेखकाकडून प्रत मिळाली' एवढं टाका. इन्स्टावर पुस्तकांचे रील करणाऱ्यांनी तर हे टाकलंच पाहिजे, जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआय या संस्थेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे फुकट मिळालेली वस्तूही सांगावी लागते, फक्त पैसे घेतले तरच असं नाही.

मी लेखकाला व्हॉट्सअ‍ॅपवर सविस्तर कळवलंय. पुरे ना?

पुरे नाही हो. म्हणजे लेखकासाठी पुरे, तो तो मेसेज जपून ठेवेल, बायकोला वाचून दाखवेल, स्टार करून ठेवेल. पण तो तिथेच राहतो.

पुण्यातल्या लेखकांची ही एक जुनी कळ आहे. लोक वाचतात, खरंच वाचतात, आणि बोलतातही. बालगंधर्वच्या आवारात गाठून दहा मिनिटं बोलतील, रात्री साडेदहाला फोन करून पान नंबरासकट चुका सांगतील, सकाळी तळजाईवर फिरताना थांबवून 'तुमच्या त्या नायकाने नोकरी सोडायला नको होती' म्हणतील. एवढं सगळं खासगीत. बाहेर बघाल तर अळीमिळी गुपचिळी. पुस्तकाच्या पानावर शून्य, आणि ते शून्य बघून नाशिकचा किंवा लातूरचा वाचक पुढे जातो, त्याला कसं कळणार की इथे कोणीतरी रात्री साडेदहाला त्या नायकावरून भांडत होतं.

उपाय अगदी सोपा आहे. तुम्ही लेखकाला जो मेसेज पाठवलात तोच कॉपी करा, 'नमस्कार सर' आणि शेवटचे हात जोडलेले इमोजी काढा, आणि रिव्ह्यूत पेस्ट करा. झालं. ओळखीच्या लेखकाला पाठवलेल्या मेसेजमध्ये जे मोकळेपण असतं ते मुद्दाम रिव्ह्यू लिहायला बसलं की येत नाही, त्यामुळे हे असे रिव्ह्यू उलट जास्त चांगले होतात.

कुठे लिहायचा? प्रत्येक ठिकाणी लिहायला वेळ नाही.

जिथून घेतलंत तिथे आधी. किंडलवर वाचलं तर अ‍ॅमेझॉन, बुकगंगावरून मागवलं तर तिथे, स्टोरीटेलवर ऐकलं तर त्या अ‍ॅपमध्येच, प्रतिलिपीवर वाचलं तर तिथे. मग तोच मजकूर गुडरीड्सवर चिकटवा, तिथे विकत घेतल्याचा पुरावा वगैरे लागत नाही. गुडरीड्स २०१३ पासून अ‍ॅमेझॉनच्याच मालकीचं आहे पण एकीकडचा रिव्ह्यू आपोआप दुसरीकडे जात नाही, दोन्हीकडे टाकावा लागतो.

गुडरीड्सवर मराठी पुस्तकांचा एक घोळ असतो तो लक्षात ठेवा. एकच पुस्तक कोणी देवनागरीत नाव टाकून घातलेलं असतं, कोणी इंग्रजी अक्षरांत, तेही दोन वेगवेगळ्या स्पेलिंगने. तीन ठिकाणी दोन-दोन रिव्ह्यू पडतात आणि प्रत्येक ठिकाणी पुस्तक ओसाड दिसतं. दोन्ही लिपीत शोधून बघा आणि जिथे जास्त लोक आहेत तिथे लिहा. तिथे लायब्ररियन म्हणून काम करणारे स्वयंसेवक असतात, ते अशा नोंदी एकत्र जोडतात, लेखकांनी त्यांना विनंती करावी, हे काम वाचकाचं नाही.

फेसबुकवरच्या वाचनाच्या ग्रुपमध्ये लिहिलंत तर पहिल्या दोन दिवसात तिथून खूप लोक येतात, मग पोस्ट खाली जाते आणि सापडत नाही. म्हणून तिथे लिहा आणि वर सांगितलेल्या ठिकाणीही टाका.

मराठीत लिहिलं तर चालतं का? फोनवर टाईप करायला जमत नाही.

मराठी पुस्तकावर मराठीतच लिहा की, मराठी पुस्तकांखाली मराठी रिव्ह्यू भरपूर दिसतात. टाईप होत नसेल तर जीबोर्डवर (गूगलचा कीबोर्ड) मराठी भाषा घ्या आणि माईक दाबून बोला, बऱ्यापैकी बरोबर उमटतं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंत तरी काही बिघडत नाही, शुद्धलेखनाची तर अजिबातच काळजी करू नका, तुमचा पेपर तपासायला कोणी बसलेलं नाही. (बसलेलं असतं, पुणे आहे, पण दुर्लक्ष करा.)

मी लिहिला पण दिसतच नाहीये.

दोन-तीन दिवस थांबा, तपासून मग टाकतात. तरी नाही आला तर तीन कारणं असू शकतात. तुमच्या खात्यावरून गेल्या बारा महिन्यांत ठरावीक रकमेची खरेदी झालेली नसेल तर अ‍ॅमेझॉन रिव्ह्यू लिहू देत नाही. रिव्ह्यूत फोन नंबर, लिंक किंवा 'लेखकाकडून थेट मागवा' असं काही असेल तर अडवतात. किंवा तुमचं लेखकाशी नातं आहे असा त्यांचा समज झाला असेल. लेखकाला यातलं काही करता येत नाही, तेव्हा त्याला स्क्रीनशॉट पाठवू नका, बिचारा नुसता हळहळेल.

पार्सल भिजलेलं आलं, कोपरे दुमडलेले. एक स्टार दिला. बरोबर ना?

तुमचा राग बरोबर, जागा चुकली. पॅकिंग आणि डिलिव्हरीसाठी विक्रेत्याला रेटिंग द्यायची सोय वेगळी असते, तिथे खुशाल द्या एक स्टार. पुस्तकाखाली दिलात की तो पुस्तकाच्या नावावर कायमचा चिकटतो, आणि ज्या पुस्तकाला एकूण पाचच रिव्ह्यू आहेत तिथे त्यातला एक 'पुस्तक ओलं आलं' असा असला की पुढचं काय बोलणार. आधीच दिला असेल तर बदलता येतो. प्रत बदलून मिळाली की तेवढं करा प्लीज.

ई-बुकमध्ये अक्षरं फुटलेली होती, शुद्धलेखनाच्याही चुका. हे रिव्ह्यूत लिहावं का?

लिहा, आणि शक्य असेल तर लेखकाला वेगळं कळवा. हे का होतं ते सांगतो. आपल्याकडे डीटीपीवाले वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर लावत आलेत, छपाईला ते उत्तम, पण ई-बुकला युनिकोड लागतं, म्हणजे कुठल्याही फोनवर सारखीच उमटणारी अक्षरं. रूपांतर करताना पहिली वेलांटी एक घर सरकते, 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यातला अर्धा र भलतीकडे जाऊन बसतो, जोडाक्षरं सुटी पडतात. लेखकाने मूळ छापील पुस्तक चार वेळा तपासलेलं असतं आणि ई-बुक एकदाही नाही, कारण तेच तर आहे असं त्याला वाटतं.

अशी तक्रार एखाद्या वाचकाने केली की ई-बुकची फाईल सुधारून परत चढवता येते, त्याच आठवड्यात, पुढच्या घेणाऱ्याला नीट प्रत मिळते. छापील पुस्तकात मात्र पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागतं, आणि ती येईल तेव्हा येईल. पुण्यात एक प्रकारचे वाचक आहेत, बहुतेक निवृत्त शिक्षक, जे पूर्ण पुस्तक शिसपेन्सिलीने तपासून, समासात ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा करून, मागच्या कोऱ्या पानावर पान नंबरासकट यादी करून लेखकाला घरी आणून देतात. आधी राग येतो. मग ती यादी पुढच्या आवृत्तीसाठी फाईलला लावली जाते, कारण मुद्रितशोधकाला दिलेल्या पैशात जे झालं नाही ते इथे फुकट झालेलं असतं.

पेपरात परीक्षण आलं की झालं ना, मग वाचकांचे रिव्ह्यू कशाला?

आलं तर सोन्याहून पिवळं. पण रविवारच्या पुरवणीत पुस्तकांची जागा किती उरलीये बघताय ना, आणि त्यात मोठ्या प्रकाशकांची रांग आधी. आमच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला येते ती 'साभार पोच', म्हणजे पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, किंमत. एका ठिकाणी पाठवलेल्या दोन प्रती रद्दीच्या दुकानात पहिल्या पानावरच्या 'सस्नेह'सकट भेटल्या, तोही एक अभिप्रायच म्हणायचा. शिवाय छापील परीक्षण त्या रविवारी वाचलं जातं, आणि नवा वाचक पुस्तकाचं नाव टाकून शोधतो सहा महिन्यांनी.

५० रिव्ह्यू झाले की अ‍ॅमेझॉन स्वतःहून पुस्तक पुढे आणतं म्हणे?

हा आकडा लेखकांच्या ग्रुपमध्ये फिरतो, कधी २०, कधी ५०, कधी १००. असा काही ठरावीक आकडा अ‍ॅमेझॉनने कधी जाहीर केलेला नाही. पुस्तक वर दिसणं हे मुख्यतः विक्रीवर आणि किंडल अनलिमिटेडमध्ये (वर्गणी भरून वाचायची सोय) किती वाचलं जातंय त्यावर हलतं. रिव्ह्यूचं काम पान उघडलेल्या माणसाला थांबवणं, आणि तेवढं चार चांगले रिव्ह्यूही करतात.

(लेखक) एक जण ५० रिव्ह्यूचं पॅकेज देतोय. घेऊ का?

नको. एक तर अ‍ॅमेझॉनने अशी खाती पकडली की ते रिव्ह्यू उडवतं आणि पुस्तकावर, खात्यावर कारवाई करू शकतं. दुसरं, आपल्याकडे ऑनलाईन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ असं बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, मानकच आलंय, नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्यात विकत घेतलेले आणि त्यासाठी माणसं लावून लिहून घेतलेले रिव्ह्यू प्रसिद्ध करायचे नाहीत असं आहे. आणलं तेव्हा ते ऐच्छिक ठेवलं होतं, पण दिशा कळते. आणि तिसरं म्हणजे ते रिव्ह्यू एकदा वाचून बघा. 'खूप सुंदर पुस्तक आहे, लेखकाने खूप सुंदर लिहिले आहे.' एवढ्यासाठी पैसे? तुमची मावशी यापेक्षा बरं लिहील.

तू माझा लिही मी तुझा लिहितो, हेही त्यातच धरतात. आणि ते पैसे देण्यापेक्षा जास्त महाग पडतं, कारण समोरच्याचं पुस्तक वाचावं लागतं.

(लेखक) वाईट रिव्ह्यूला उत्तर द्यावं का?

देऊ नये. मनातल्या मनात द्यावं, बायकोला ऐकवावं, पण तिथे लिहू नये. लेखक रिव्ह्यूखाली भांडायला उतरला की वाचक लेखकाच्या बाजूने कधीच उभे राहत नाहीत, आणि पुढचा लिहिणारा हात आखडता घेतो, कशाला उगाच म्हणून. अपवाद एकच, शिवीगाळ किंवा पुस्तकाशी संबंधच नसलेलं काही असेल तर रिपोर्ट करा. 'लेखक पुणेरी असल्यामुळे आखडू असावा' हे त्यात बसतं का ते माहीत नाही, बहुतेक नाही बसत.

पण दोन-तीन अनोळखी लोकांनी एकच गोष्ट सांगितली, की सुरुवात लांबलीये, तर वाद घालू नका, पुढच्या पुस्तकात बघा. ही एक गोष्ट स्वतः काढणाऱ्याच्या हातात असते, संपादक नाही तर नाही, वाचक थोडंफार ते काम करतात आणि तुम्ही पुढच्या शंभर प्रतींत सुधारणा करू शकता, कोणाची परवानगी लागत नाही.

(लेखक) मागायचा कसा? लाज वाटते.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर दोन साध्या ओळी छापा, 'पुस्तक कसं वाटलं ते चार शब्दांत लिहा, आवडलं नसेल तरीही', आणि क्यूआर कोड द्या जो थेट रिव्ह्यूच्या पानावर जाईल. शेवटचं पान संपवलेला माणूस त्या क्षणी बोलायच्या मूडमध्ये असतो, दुसऱ्या दिवशी नसतो. 'पाच स्टार द्या' असं मात्र कुठेही लिहू नका, नियमातही बसत नाही आणि दिसतंही वाईट. एकदा मागितल्यावर परत आठवण करू नये. लग्नात, मुंजीत, विशेषतः बाराव्याला तर अजिबात नाही.

मला कोणीतरी पुस्तकाची पीडीएफ फॉरवर्ड केली, ती वाचली, आवडलं. रिव्ह्यू लिहू का?

हे विचारणारा माणूस निदान सरळ आहे. लेखकाने स्वतः फुकट वाटलेली नसेल तर ती चोरीची प्रत आहे, आणि दोनशे प्रती काढणाऱ्याची एक पीडीएफ मोठ्या टेलिग्राम ग्रुपवर गेली की त्याचा तिथेच निकाल लागतो. आवडलंय ना, मग ई-बुक विकत घ्या, एका मिसळीच्या आसपास किंमत असते, मग लिहा. आणि ती पीडीएफ पुढे पाठवू नका.

लायब्ररीतून आणून वाचलं असेल तर?

मजेत लिहा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं आहे, म्हणजे उसनं पुस्तक वाचून त्यावर मत देणं ही आपल्याकडची जुनीच रीत. 'व्हेरिफाइड', म्हणजे तिथूनच विकत घेतलंय, असा शिक्का येणार नाही एवढंच. लायब्ररीतल्या बाईंनाही सांगा की हे बरं आहे, त्या दुसऱ्याला देतात, ते कुठल्याही वेबसाईटपेक्षा जोरात चालतं.

पुस्तक पाच-सहा वर्षांपूर्वीचं आहे. आता काय उपयोग?

दुकानात जुनं पुस्तक मागे जातं, ऑनलाईन तसं काही नसतं, आणि आमच्या दिवाणाखाली अजून साठ प्रती आहेत.

लिहिला, पण आता मत बदललंय. परत वाचलं तेव्हा वेगळंच वाटलं.

एडिट करा. जुना मजकूर पुसू नका, खाली तारीख टाकून 'परत वाचलं, आता असं वाटतंय' एवढं जोडा. असे रिव्ह्यू क्वचित दिसतात, आणि दिसले की लेखक तुमचं नाव पाठ करतो.